तापी-गिरणाकाठची जुनी गावं ट्रॉलीत भरून चाललीत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन संस्कृतींवर जी लेखमाला चालू आहे ती आमच्या घरात सगळे वाचतात. सुमेर झालं, इजिप्त झालं, आता हडप्पा चालू आहे. माझी मुलगी सहावीला आहे, ती तर कात्रणं काढून वहीत चिकटवते. लेख चांगले आहेत, मेहनत घेतलेली दिसते. पण आत्तापर्यंतचे भाग वाचून एक गोष्ट मनात राहिली म्हणून हे पत्र लिहितोय. सगळ्या लेखांत शहर आहे, राजा आहे, मंदिर आहे, मोठ्या भिंती आहेत, आणि नकाशात खान्देशच्या जागी नुसता कोरा कागद. वाचणाऱ्याला वाटणार की तिकडे एवढं सगळं चालू होतं तेव्हा आपल्या तापीकाठी फक्त जंगल असेल, वाघ असतील, माणूस नसेल. तसं नाहीये. माणूस होता, शेती होती, गावं होती, आणि त्या गावांची माती आजही आपल्या शिवारात टेकाडं होऊन पडलेली आहे. आणि ती टेकाडं दर उन्हाळ्यात जेसीबी लावून उचलली जातायत. मला सांगायचंय ते हेच, पण जरा सविस्तर सांगतो कारण नुसतं "वारसा जपा" म्हटलं की लोकं पान उलटतात.

आधी पाटणे. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीला आपण सगळेच जातो, भास्कराचार्यांच्या नातवाने तिथे मठ काढला होता त्याचा इ.स. १२०७ चा शिलालेख आहे हे पण बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच पाटण्याला १९७२-७३ मध्ये पुरातत्त्व संशोधक एस. ए. साळी साहेबांनी उत्खनन केलं तेव्हा जमिनीखाली जे मिळालं ते शिलालेखाच्या कितीतरी मागचं आहे. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, आणि कवचाच्या एका तुकड्यावर समांतर रेषांच्या मधे तिरप्या रेषांची जाळीसारखी नक्षी कोरलेली मिळाली. वय साधारण २५ हजार वर्ष. अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी सव्वादोन हजार वर्षांच्या आसपासची, म्हणजे त्याच्या दहा पट मागे जा, तिथे सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी एक माणूस बसून दगडाच्या बारीक टोकाने अंड्याच्या कवचावर रेघा ओढतोय. पोट भरायला त्या रेघांचा काही उपयोग नव्हता, त्याला आवडलं म्हणून त्याने काढल्या. आणि हो, शहामृग आपल्याकडे होते तेव्हा. हे मी जेव्हा जेव्हा कोणाला सांगतो तेव्हा समोरचा म्हणतो काहीही सांगू नका, पण नुसतं पाटण्यालाच नाही तर महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थानात बऱ्याच ठिकाणी ही कवचं सापडलेली आहेत. तेव्हाचं हवामान कोरडं होतं, उघडी गवताळ रानं होती.

आता माणसाचा एकूण पल्ला बघा. आपल्यासारख्या माणसाचे सगळ्यात जुने अवशेष मोरोक्कोत जेबेल इरहूदला मिळालेत, तीन लाख वर्षांच्या आसपासचे. भारतात तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला दगडी हत्यारं मिळाली ती तर १५ लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे आपल्याही आधीच्या माणसाची. आणि शेती किती जुनी, तर जगात कुठेही घ्या, १२ हजार वर्षांच्या मागे जात नाही. म्हणजे तीन लाख वर्षांतली २ लाख ८८ हजार वर्ष माणूस कंदमुळं गोळा करत, शिकार करत, फिरत राहिला. आपल्या पुस्तकात हा एवढा मोठा काळ दोन पानात संपतो आणि मग लगेच शहरं सुरू होतात. मुलांना वाटतं खरा इतिहास तिथून सुरू झाला.

तुर्कस्तानात गोबेकली टेपे म्हणून जागा आहे, तिथे १९९५ पासून क्लाउस श्मिट या जर्मन संशोधकाने खोदकाम केलं. साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे दगडी खांब आहेत तिथे, काही काही साडेपाच मीटर उंच, त्यावर कोल्हे, साप, विंचू, गिधाडं कोरलेली. आणि हे करणारे लोक शेतकरी नव्हते, घरची पेरलेली धान्यं तिथे मिळालेली नाहीत, शिकारच करत होते आणि रानातलं धान्य गोळा करत होते. म्हणजे आधी शेती मग गाव मग शहर मग देऊळ, अशी जी पायरी-पायरी आपल्याला शिकवली ती सगळीकडे तशीच घडली असं नाही. माझं म्हणणं हे की शहर झालं तरच माणूस "सुधारला" ही फूटपट्टीच चुकीची आहे, आणि खान्देश त्या फूटपट्टीमुळेच नकाशातून गळतो. कारण आपल्याकडे मोहेंजोदडो नाही. आपल्याकडे गावं होती.

बरं शहरांचं पण बघा. सुमेरच्या लेखात तुम्ही राजांची नावं दिलीत, पण सुमेरच्याच उरुक शहरात (आजच्या इराकमध्ये) ज्या सगळ्यात जुन्या मातीच्या पाट्या मिळाल्या, इ.स.पू. ३३०० ते ३२०० च्या सुमाराच्या, त्यात ना काव्य आहे ना देवाची स्तुती. बहुतेकांत हिशोब आहे, जव किती आला, मेंढ्या किती, कोणाला किती बियर दिली. आपला सातबारा आणि रेशनचं रजिस्टर एकत्र केलं तर जसं होईल तसं. लिहिण्याची सुरुवात धान्याच्या हिशोबातून झाली आणि ते धान्य पिकवणारा कोण होता तर शेतकरीच.

इजिप्तचंही तसंच. पिरॅमिड परग्रहावरून आलेल्यांनी बांधले असे व्हिडिओ आमच्या गावातल्या व्हॉट्सअप ग्रुपवर नेहमी येतात आणि चांगली शिकलेली पोरं ते फॉरवर्ड करतात, मला त्याचा फार राग येतो. खुफूचा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या सुमाराचा. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठावर वादी अल-जर्फला फ्रेंच संशोधक पिएर ताले यांना त्या काळच्या पपायरसच्या गुंडाळ्या मिळाल्या, त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची डायरी आहे. तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरून गिझाला कसे नेले, कुठे मुक्काम केला, रोजच्या रोज लिहिलेलं. गिझाजवळ कामगारांची वस्ती खणून निघालीय, भाकऱ्या भाजायच्या भट्ट्या निघाल्यात, कामगारांच्या कबरी निघाल्यात. एवढं समोर असताना त्या माणसांच्या घामाचं श्रेय आकाशातून आलेल्या कोणाला देणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे, आणि तोच अन्याय आपण आपल्या टेकाडांवर करतो, फक्त दुसऱ्या पद्धतीने.

आता तापी आणि गिरणा. तापीकाठच्या सावळदा या गावावरून एका आख्ख्या संस्कृतीला नाव पडलंय, सावळदा संस्कृती. जगातले पुरातत्त्ववाले हे नाव वापरतात आणि धुळ्या-नंदुरबारच्या कॉलेजातल्या पोराला विचारलं तर त्याने ते ऐकलेलं नसतं. काळ इ.स.पू. २२०० ते १८०० च्या आसपास. म्हणजे सिंधू खोऱ्यात शहरं अजून होती आणि मोडायला लागली होती त्याच सुमारास इथे शेतकरी राहत होते. त्यांची मडकी रंगवलेली असायची आणि त्यावर बाण, मासे मारायचे काटेरी भाले, असली हत्यारं काढलेली, ही त्यांची खास खूण. साक्री तालुक्यात कान नदीकाठी कावठे इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ऐंशीच्या दशकात खणलं, ढवळीकर सर, वसंत शिंदे सर ही मंडळी होती. त्या लोकांची जमिनीत खड्डा करून त्यावर छप्पर टाकलेली घरं तिथे मिळाली. आणि हीच सावळदा लोकं नुसती इथेच राहिली नाहीत तर खाली प्रवरेपर्यंत गेलेली आहेत, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला सगळ्यात खालचा थर सावळदा संस्कृतीचाच आहे. त्याच्या वरती हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळाचा थर आहे. दायमाबाद म्हटलं की सगळ्यांना तो ब्रॉंझचा बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा आठवतो, १९७४ मध्ये एका गावकऱ्याला झाडाची मुळं खणताना मिळाला होता तो ठेवा, सगळं मिळून ६० किलोच्या वर भरीव धातू. त्याच्या काळाबद्दल तज्ज्ञांत वाद आहे तो असो. पण त्या गावाची सगळ्यात पहिली वस्ती आपल्या तापीकाठच्या लोकांसारखी मडकी करणाऱ्यांची होती हे खान्देशात कोणी सांगत नाही.

प्रकाशे तर सगळ्यांना माहीत, दक्षिण काशी, तापी-गोमाईचा संगम. तिथलं मोठं टेकाड १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी खणलं. हेच थापर साहेब पुढे राजस्थानात कालीबंगा या हडप्पा काळच्या गावाचं उत्खनन करणाऱ्यांत होते आणि नंतर भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले, म्हणजे कोणी लहानसहान माणूस नव्हता आपल्या गावात आलेला. त्यांना प्रकाश्याला एकावर एक चार काळ मिळाले. तळाला ताम्रपाषाण, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणारे लोक, इ.स.पू. १७०० च्या सुमारापासून, त्यांची माळवा आणि जोर्वे या तेव्हाच्या दोन शेतकरी संस्कृतींच्या पद्धतीची रंगवलेली भांडी, गारगोटीच्या जातीच्या दगडाची ब्लेडसारखी धारदार पाती. त्याच्या वर लोखंड आलं. त्याच्या वर सातवाहनांच्या आगेमागे, आणि शेवटी मध्ययुगाच्या सुरुवातीपर्यंत. एकाच टेकाडात जवळजवळ अडीच पावणेतीन हजार वर्षांचा हिशोब, मधे काही काळ खंड आहेत पण जागा तीच. आज आपण तिथे महादेवाला जातो, म्हणजे लोक त्या संगमावर यायचे थांबलेच नाहीत.

गिरणेवर बहाळ, चाळीसगाव तालुक्यातच. १९५२-५३ मध्ये एम. एन. देशपांडे यांनी तिथे काम केलं, ते पण पुढे महासंचालक झाले. नदीच्या समोरच्या काठावर टेकवाडे, तिथे ताम्रपाषाण काळची दफनं मिळाली. गाव एका काठाला आणि पुरायची जागा दुसऱ्या काठाला.

ही लोकं कशी जगत होती ते सगळ्यात चांगलं समजलंय ते पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, कारण तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत सलग काम झालं. खान्देशातलं नाही पण लोकं त्याच जातकुळीची, जोर्वे संस्कृतीची, जी आपल्या प्रकाश्याला आणि बहाळला पण आहे. ते जव पिकवायचे, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ, आणि बोरं खायचे. नदीचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला होता आणि बांध घातला होता. पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार, मुखियाचं असेल. लहान बाळ गेलं तर दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसाला पुरताना बऱ्याच वेळा घोट्याखालची पावलं तोडलेली आहेत, का तोडली ते कोणाला ठाम सांगता येत नाही, पण बाळाला घरातच ठेवायचं हे समजायला मला तरी कोणा तज्ज्ञाची गरज वाटली नाही. मग इ.स.पू. १००० च्या नंतर पाऊस कमी होत गेला, चौकोनी मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा जनावरांवर आणि शिकारीवर जास्त भर आला, आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गावच उठलं. आपण दुष्काळी भागातली माणसं, आपल्याला हे वाचताना काय वाटतं ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाही वाटणार.

कपाशीबद्दल पण थोडं सांगतो कारण आपल्या भागात तो विषय सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. बलुचिस्तानात मेहरगढला इ.स.पू. ७००० पासून शेती करणारी वस्ती होती. तिथल्या एका कबरीत तांब्याच्या मण्याच्या आत सुताचा धागा टिकून राहिलेला मिळाला, इ.स.पू. सहाव्या सहस्रकातला. कापूस वापरल्याचा जगातल्या सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी एक. कापूस एवढी हजार वर्ष टिकत नाही, पण तांब्याच्या क्षारामुळे त्याला जंतू लागले नाहीत म्हणून राहिला. आणि आपल्या नेवाशाला लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली त्यातही धागा तसाच वाचला, कापूस आणि रेशीम दोन्ही. आता बघा, एवढासा मणी. जेसीबीच्या बकेटला तो दिसणार आहे का?

आणि जेवणाचं ताट. आपली कळण्याची भाकरी. त्यातला उडीद भारतातलाच, इथेच माणसाने रानातून शेतात आणला. ज्वारी मात्र आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूला पहिल्यांदा पिकवली गेली, बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, दोन्ही समुद्र ओलांडून साधारण चार हजार वर्षांपूर्वी आणि त्यानंतर इकडे आल्या. जळगावची केळी, तिची लागवड माणसाने पापुआ न्यू गिनीच्या दलदलीत कुक नावाच्या जागी सात हजार वर्षांपूर्वी केल्याचे पुरावे आहेत. शेवभाजीतली मिरची आणि शेंगदाणे अमेरिका खंडातले, ते तर पोर्तुगीज आल्यावर आले. आपण आज लावतो ती बीटी कपाशी सुद्धा अमेरिकन जातीची, आपली देशी कपाशी वेगळी. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी तापीकाठचा शेतकरी नवीन बियाणं दिसलं की लावून बघत होता, आज आपण बघतो तसंच. ते अडाणी, मागासलेले, गुहेत राहणारे असं जे चित्र काढतात ते मला मान्य नाही.

आता मुद्द्यावर येतो. टेकाड होतं कसं? मातीचं घर पडतं, त्याच जागी सपाट करून दुसरं बांधतात, चुलीची राख, शेण, हाडं, खापरं तिथेच टाकतात, शेकडो वर्षांत जमीन उंच होत जाते. राख आणि चुन्यामुळे माती पांढुरकी होते, आपण तिला पांढरी माती म्हणतो आणि जुन्या गावठाणाला पांढर. या मातीत राख, शेण, हाडांचा अंश असल्यामुळे खत म्हणून ती चांगली असते, विशेषतः स्फुरद भरपूर, म्हणून शेतकरी ती उचलून शेतात टाकतो. आमच्या आजोबांच्या वेळेपासून टाकतात. पण तेव्हा बैलगाडीने दोन चार गाड्या जायच्या. आता जेसीबी आणि ट्रॉल्या, शिवाय वीटभट्टीवाले, एका उन्हाळ्यात अर्धं टेकाड सपाट. आमच्या शेजारच्या गावाला नदीकाठचं टेकाड मी माझ्या डोळ्यासमोर संपताना बघितलं. कापलेल्या बाजूला थर स्पष्ट दिसत होते, काळा, पांढरा, मधे जळक्या मातीची लाल रेघ, मधेच मडक्याचा काठ बाहेर आलेला. बाजूला एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती ती म्हणाली, "आठे पहिले गाव व्हतं, ते जयी गयं." पहिलं गाव होतं, जळून गेलं. तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिच्या आजीकडून आलेलं असेल, आणि समोर ती लाल रेघ होती. ट्रॅक्टरवाल्या पोराला मी म्हटलं भाऊ थांब जरा, तो म्हणाला काका मला काय, मला ट्रिपचे पैसे मिळतात. त्याची पण चूक नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही.

नुकसान काय होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. लोकांना वाटतं की एखादा मणी, एखादी मूर्ती सापडली तर ती उचलून ठेवली म्हणजे झालं. पण मण्याला एकट्याला काही सांगता येत नाही. तो कोणत्या थरात होता, त्याच्या शेजारी कोणतं खापर होतं, कोळसा होता का, यावरून सगळं कळतं. जुना कोळसा किंवा धान्याचा जळका दाणा मिळाला तर कार्बन १४ ची तपासणी करता येते, त्यातला अर्धा कार्बन १४ साधारण ५७३० वर्षांत संपतो, त्यावरून वय काढतात. पण तो कोळसा जागेवर मिळाला पाहिजे. माती एकदा ट्रॉलीतून शेतात पसरली की मणी, खापर, कोळसा सगळं मिसळून गेलं, मग डेक्कन कॉलेजचे सगळे प्राध्यापक आणून बसवले तरी काही करू शकत नाहीत. परत कधीच नाही.

शेतकऱ्याला माती नको का, तर हवी, मी स्वतः केळीवाला आहे मला कळतं. पण त्यासाठी सरकारची "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना २०१७ पासून आहेच की, धरणातला गाळ घ्या, तो पण सुपीक असतो आणि धरणाची पाणी साठवायची जागा पण वाढते. ज्या गावात पांढर आहे त्या गावाला गाळ आधी दिला तर कोणी टेकाडाकडे जाणार नाही. हे ग्रामसभेत ठरवता येण्यासारखं आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवारात जुनं टेकाड कोणत्या गट नंबरात आहे ते नुसतं रजिस्टरला लिहून ठेवलं तरी खूप झालं, कारण सगळी टेकाडं काही सरकारच्या संरक्षित यादीत नाहीत, आणि जी यादीत नाहीत त्यांच्यावर कोणाचंच लक्ष नसतं. जमिनीत दडलेलं काही मौल्यवान सापडलं तर कलेक्टरला कळवायचं हा कायदा १८७८ चा आहे, इंग्रजांच्या काळचा, दहा रुपयांच्या वरची वस्तू असली तरी कळवायची. लोकांना तो माहीत नाही, किंवा माहीत असून भीती वाटते की जमीनच जाईल, म्हणून गुपचूप बुजवून टाकतात. ही भीती काढायचं काम तहसीलदार साहेब आणि तलाठ्यांनी गावात येऊन केलं पाहिजे.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले आणि दुसऱ्याच वर्षी लोकांनी त्यांच्या नावाने संस्था काढली, म्हणजे खान्देशी माणसाला इतिहासाची कदर नाही असं कोणी म्हणू नये. तिथे वस्तुसंग्रहालय आहे. जळगावला विद्यापीठ आहे. शाळेच्या सहली छत्रपती संभाजीनगर, शेगाव, लोणावळ्याला जातात त्यातली एक प्रकाश्याला किंवा पाटण्याला गेली आणि सरांनी मुलांना टेकाडाजवळ उभं करून सांगितलं की तुझ्या पायाखाली साडेतीन हजार वर्षांपूर्वी एका बाईने चूल पेटवली होती, तर ते पोर जन्मभर विसरणार नाही. माझ्या मुलीला मी नेलं होतं. तिने विचारलं बाबा हे आमच्या पुस्तकात का नाही. मी म्हटलं येईल, आपण पेपरला लिहू.

तर संपादक साहेब, विनंती अशी की हडप्पाचे भाग संपले की पुढे चीनला किंवा ग्रीसला जायच्या आधी निदान दोन रविवार तापी आणि गिरणेला द्या. सावळदा, कावठे, प्रकाशे, बहाळ, टेकवाडे, पाटणे, ही नावं आणि त्यांचा नकाशा मोठ्या अक्षरात छापा, शाळांना भिंतीवर लावता येईल असा. आणि वाचकांना आवाहन करा की आपल्या गावचं टेकाड कुठे आहे, त्याचा फोटो आणि गट नंबर तुमच्या कार्यालयाकडे पाठवा, तुम्ही ती यादी राजवाडे मंडळाला आणि पुरातत्त्व विभागाला द्या. मणी किंवा खापरं पाठवू नका, जागेवरून काही हलवू नका, हे पण त्यात ठळक लिहा. आमच्या तालुक्यातल्या यादीचं काम मी आणि आमच्या गावातली काही तरुण मुलं करायला तयार आहोत. फक्त हे मार्चच्या आत झालं पाहिजे, कारण हरभरा निघाला की जेसीबी लागतात आणि मग पावसापर्यंत थांबत नाहीत.

आपला नम्र,
एक केळी उत्पादक शेतकरी,
तापीकाठ, ता. शहादा, जि. नंदुरबार